नारायणाच्या हाती लाठी

नायक कसा असते हे मले कोणी शिकवू नये. पस्तीस वर्षं मी नायकांच्या तोंडात शब्द टाकले आहेत, अन् ते बी खड्ड्यात बसून.

खड्डा म्हणजे खरोखरचा खड्डा, जी. आमच्याकडं दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते; तिच्या नाटकाचं स्टेज बांधलं का त्याच्यापुढं कमरेएवढा खड्डा खणतात. त्यात एका बाजूले ऑर्गनवाला, एका बाजूले तबलेवाला, अन् मधात पाटावर पुस्तक घेऊन मी, उदाराम, प्रॉम्प्टर. आमचे नट पाठांतर करत नाहीत. धान कापावं, बांधावं का डायलॉग घोकत बसावं? मी खालून वाक्य सोडतो, नट वरून म्हणते. मी हळू बोललो तर तो हळू, मी गर्जलो तर तो गर्जते. एकदा मले डास चावला म्हणून मी "हट् लेकाच्या!" म्हटलं, तर वर आमचे महाराज भर दरबारात राणीले "हट् लेकाच्या!" म्हणून मोकळे झाले. तीन दिवस मी चौकात तोंड दाखवलं नाही.

खड्ड्यात बसलं का तोंड स्टेजकडं अन् पाठ लोकांकडं. लोक दिसत नाहीत, फक्त ऐकू येतात. बसायले प्रत्येकजण घरून पोतं आणते. नाटक आवडलं नाही का माणूस उठते, पोतं फटकन झटकते, काखेत मारते अन् चालू लागते. तो आवाज मी झोपेत बी ओळखीन. एक पोतं झटकलं म्हणजे कोणाचं लेकरू रडत असंल. पाच पोती झटकली म्हणजे नाटक गेलं.

नऊ वर्षांपूर्वी गावाचं आपलं नाटक बंद झालं. मंडळाचा अध्यक्ष लीलाधर म्हणाला, वडशाची नाटक कंपनी आणू, लायटिंग त्यांची, हिरोइन त्यांची, आपल्याले झंझट नाही. कंपनीचा प्रॉम्प्टर कंपनीसोबतच येते. मंग मी काय करू? नऊ मंडया मी लोकांत पोत्यावर बसून पाहिल्या अन् दर सालाले मधातच उठून घरी गेलो. बायको, जमुनाबाई, म्हणे, "नाटक वाईट म्हणून नाही, तुमचा जीव जळते म्हणून उठता तुम्ही." खरं होतं, पण तोंडावर कायले बोलाव लागते?

यंदा माझी पुतणी डिंपल उठली. माझ्या लहान भावाची पोरगी, मराठीत एम.ए. झाली, तिरोड्यात एका ज्युनिअर कॉलेजात तासिकेवर शिकवते. दिवाळीच्या आधी मंडळाच्या बैठकीत जाऊन सरळ बोलली, "गावाचं नाटक गावानं करावं. मी लिहिलं आहे."

लीलाधर हसला. "रात्रीची कंपनी ठरून गेली, पोरी. दुपारी दंडारीचं नाचगाणं राहते, त्या दोन तासांत तुझं नाटक करून दाखव. लोक शेवटपर्यंत बसले तर पुढच्या मंडईले रात्रीचं नाटक आपल्या गावाचं. उठून गेले तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

मी मागं भिंतीले टेकून बसलो होतो. 'पुन्हा काढायचा नाही' ऐकलं अन् बोटांवर हिशेब केला. मी एकसष्टचा. हा चान्स गेला तर माझ्या जन्मात माझ्यासाठी तो खड्डा पुन्हा कोणी खणणार नव्हतं.

घरी येऊन तिच्या नाटकाचं पुस्तक वाचलं अन् कपाळावर हात मारला.

डिंपलनं एका जुन्या कादंबरीवरून नाटक केलं होतं. तिच्या एम.ए.ले होती म्हणे, सत्तर वर्षांपूर्वीची, मोठमोठे सर लोक तिच्यावर भाषणं देतात. गोष्ट अशी. एक मालगुजार, म्हणजे गावाचा जमीनदार. त्याच्या हलगर्जीनं तलावाची पाळ फुटते, गावाचं धान वाहून जाते. आळ येते पाणी सोडणाऱ्या भिवावर. मालगुजाराचा कारकून नारायण, त्याले सगळं ठाऊक आहे, पण भेवानं खोटी साक्ष देते. भिवा जेलात जाते. पुढचे दोन अंक नारायण नुसता कापत राहते, जेवत नाही, झोपत नाही. शेवटी चावडीवर जाऊन सांगते, मी खोटं बोललो. मालगुजार हसते अन् त्याले हाकलून देते. मंग नारायण भिवाच्या घरी जाते. भिवाची बायको ओट्यावर बसली आहे. ती बोलत नाही, शिव्या देत नाही. थोडी सरकते अन् त्याले बसायले जागा करते. तो बसते.

"मंग?" मी विचारलं.

"मंग पडदा, मोठे बाबा."

"मालगुजाराले कोणी मारत नाही?"

"नाही."

"भिवा सुटते?"

"ते कादंबरीत बी सांगितलं नाही."

"अन् हा नारायण म्हणजे नायक?"

"हो."

"कायचा नायक, बाई! दोन तास थरथर कापते अन् शेवटी ओट्यावर बूड टेकते! नायक म्हणजे कसा? तिसऱ्या सीनले दरवाजा लाथेनं उघडून आत आला पाहिजे. लोकांनी शिट्ट्या मारल्या पाहिजेत."

डिंपलले राग येत नाही, हीच तिची खोड. शांतपणे म्हणाली, "ज्याले भेव नाही त्यानं लाठी उचलली तर त्यात काय मोठं आहे? हा सगळ्यांत भेकड माणूस आहे, मोठे बाबा. त्याले कोणी विचारून नव्हतं राहिलं. चूप बसला असता तर नोकरी बी राहिली असती अन् मान बी. तरी गेला अन् बोलला. आमचे सर म्हणत, नायकानं काय जिंकलं ते नका पाहू, काय सोडलं ते पाहा."

"तुझ्या सरांले म्हणाव, एकदा खड्ड्यात येऊन बसा. पोती झटकतात तेव्हा सगळं समजते."

ती हसली. मी नाही हसलो.

तालीम शाळेच्या खोलीत व्हायची. नारायण झाला भुपेंद्र. कुडव्याले त्याचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान, हात ग्रीसनं काळे, पण अंगानं उंच अन् आवाज खणखणीत. येऊन येऊन चार वेळा आला. डिंपल म्हणे, शेवटचा सीन तरी पाठ कर. तो म्हणे, "टेन्शन कायले घेता ताई? काकाजी हैं ना खड्डे में. ते म्हणतील ते मी म्हणीन." मालगुजार झाला श्यामलाल, आमचा जुना व्हिलन. वीस वर्षं त्यानं स्टेजवर मार खाल्ला आहे. तालमीत तो मले हळूच म्हणाला, "उदारामभाऊ, या नाटकात मले कोणीच मारत नाही. लोकांले कसं पटंल?" मी म्हटलं, माझ्या मनातलं बोलला.

मंडईच्या आदल्या दिवशी दुपारी मी बांधीत, माझ्या शेतात, गेलो, कापून रचलेल्या धानाच्या पुंजण्याच्या सावलीत बसलो अन् एका कागदावर दुसरा शेवट लिहून काढला. डिंपलले दाखवला नाही. घडी करून खिशात ठेवला. मनात म्हटलं, राहू दे. लागला तर लागला.

मंडईच्या दिवशी गाव पाहुण्यांनी भरलं. शिंगाड्यांचे ढीग, उसाच्या मोळ्या, पानवाले, पाळणे. दोन वाजता आमची घंटा झाली. मी नऊ वर्षांनी खड्ड्यात उतरलो. मातीचा तोच वास. पाटावर बसलो, पुस्तक मांडीवर उघडलं अन् डोळ्यांत पाणीच आलं, खोटं कायले बोलू.

पहिले दोन अंक बरे गेले. भुपेंद्रनं माझं एकही वाक्य पाडलं नाही. मागं लोक चूप होते. एवढे चूप का मले बरं वाटावं का घाबरावं हेच समजेना. रात्रीच्या नाटकात लोक बोलतात, हसतात, मधात ओरडतात. ही शांतता माझ्या ओळखीची नव्हती.

शेवटचा अंक लागला. नारायण चावडीवर आला. अन् मागं आवाज झाला, फट्.

असंल कोणाचं लेकरू, मी म्हटलं.

फट्. फट्. मंग उजवीकडून दोन, एकामागून एक, फट्, फट्. पाच झाली, बाप्पा. नऊ वर्षांनंतर मिळालेलं नाटक माझ्या पाठीमागं उठून चाललं होतं. वर भुपेंद्र वाकून माझ्या तोंडाकडं पाहत होता, पुढच्या वाक्यासाठी. पुस्तकात लिहिलं होतं, 'मंडळी, मी खोटं बोललो.' मी पुस्तकावर हात ठेवला अन् खिशातला कागद काढला.

"मालगुजारा!" मी खालून गर्जलो.

"मालगुजारा!" भुपेंद्र वरून गर्जला.

"आजपर्यंत या नारायणाच्या हाती लेखणी होती, आज लाठी आहे! हिसक त्याची काठी!"

भुपेंद्रनं सगळंच म्हटलं, 'हिसक त्याची काठी' बी म्हटलं, अन् श्यामलालच्या हातची काठी हिसकली. श्यामलाल क्षणभर बावचळला. पण जुना गडी, काठी डोक्यावर आली का काय करायचं हे त्याच्या अंगात भिनलेलं. धाडकन पडला, लोळला, पाय धरले. मंग शिट्ट्या! टाळ्या! कोणी टोपी उडवली, कोणी 'वन्स मोअर' ओरडलं. भिवाच्या घरचा ओटा, ती बायको, ते सरकणं, काहीच झालं नाही. ऑर्गनवाल्यानं सुरावट धरली अन् पडदा पडला.

मी घामानं निथळत पाटावर बसून राहिलो. वाचलं, म्हटलं. नाटक वाचलं.

लीलाधर माइक घेऊन स्टेजवर आला. "वा! याले म्हणतात नायक! पुढच्या मंडईले रात्रीचं नाटक गावाचंच, मी शब्द देतो!" पुन्हा टाळ्या. डिंपलले बोलावलं, नारळ दिला, शाल घातली. "पोरी, शेवट काय लिहिला! दोन शब्द बोल."

डिंपलनं माइक हातात घेतला. वरून माझ्याकडं पाहिलं. मले वाटलं, आता सांगते. ती म्हणाली, "मी नंतर बोलते," अन् माइक परत दिला.

मंग ती शाल सावरत खड्ड्यात उतरली. ऑर्गनवाला, तबलेवाला चहाले गेले होते. ती खड्ड्याच्या कडेले टेकून उभी राहिली.

"मोठे बाबा, ते वाक्य माझ्या पुस्तकात नाही."

"पोती झटकून राहिले होते, पोरी. पाच. मी मोजली. लोक चालले होते."

"कोणी नाही गेलं."

"मले ऐकू येत नाही काय? पस्तीस वर्षं—"

"ऊन सरकलं होतं, मोठे बाबा. उजवीकडच्या लोकांच्या तोंडावर ऊन आलं. ते उठले, पोतं झटकलं अन् डावीकडच्या कडूलिंबाच्या सावलीत येऊन बसले. सगळे बसले. मी विंगेतून पाहून राहिली होती. जागा नव्हती तर एकमेकांले चिकटून बसले." तिनं उजवीकडं बोट केलं. "रात्रीच्या नाटकात ऊन कुठं असते?"

मी मागं वळून पाहिलं. खरंच, उजवीकडचं मैदान उन्हात रिकामं पडलं होतं अन् लिंबाखाली माणसावर माणूस बसला होता. अरे उदारामा, जन्मभर ऐकलं, एकदा वळून पाहायले काय झालं होतं? मले स्वतःचीच एवढी चीड आली का पुस्तक आपटावं वाटलं.

"मी कोणाले सांगणार नाही," डिंपल म्हणाली. "भुपेंद्रले बी वाटते का तेच लिहिलं होतं. नाटक तर मिळालं ना." तिनं तोंड वळवलं, पण मी पाहिलं. लहानपणी पडली का अशीच तोंड वळवायची, रडताना कोणाले दिसू नये म्हणून.

आता सांगा, मले कोणी विचारून राहिलं होतं काय? नाही. नाटक हिट. पुढच्या सालचा खड्डा पक्का. चूप बसलो असतो तर सगळं माझंच होतं. मी पाटावरून उठलो अन् पाय असे कापायले लागले का खड्ड्याची कड धरावी लागली. तेव्हा मले समजलं का तो नारायण दोन अंक काऊन कापत होता.

स्टेजवर चढलो. लीलाधरच्या हातून माइक घेतला. त्याले वाटलं मी आभार मानतो, तो बाजूले झाला. पस्तीस वर्षांत मी पहिल्यांदा लोकांकडं तोंड करून उभा होतो. एवढे चेहरे! सोयरे, पाहुणे, व्याही, पोट्टे, सगळं गाव. पुढंच पोत्यावर जमुनाबाई, शिंगाडा सोलता सोलता थांबलेली.

"ते... म्हणजे... मी..." जन्मभर दुसऱ्यांले वाक्यं दिली, अन् माझ्यासाठी एक बी सापडेना. मागं कोणीतरी हसलं. लीलाधर माइक घ्यायले पुढं आला.

तेवढ्यात खालून, खड्ड्यातून, आवाज आला. हळू, पण साफ. "मंडळी, मी खोटं बोललो."

खाली पाहिलं. डिंपल माझ्या पाटावर बसली होती. मांडीवर पुस्तक उघडं होतं अन् बोट ओळीवर होतं.

"मंडळी," मी म्हटलं, "मी खोटं बोललो."

"कोणी विचारलं नाही, तरी सांगतो."

"कोणी विचारलं नाही, तरी सांगतो."

त्याच्यापुढं मले वाक्य लागलं नाही. सगळं सांगून टाकलं. पोती मोजली ते, ऊन समजलं नाही ते, खिशातला कागद. "या पोरीचा शेवट तुम्ही पाहिलाच नाही. तुम्ही टाळ्या माझ्या खोटेपणाले दिल्या. लीलाधर, तुझा शब्द मी परत देतो. तो खोट्यावर दिलेला शब्द आहे."

मैदानात गलका झाला. भुपेंद्र विंगेतून "क्या बोल रहे हो काकाजी!" म्हणत बाहेर आला. लीलाधर लाल झाला. "उदारामभाऊ, तमाशा लावला काय? एवढं छान झालं होतं! आता पुढच्या सालचं काय करायचं?"

"ते तुम्ही ठरवा. मले तोंड नाही."

लीलाधरनं माइक हिसकला. पण जमुनाबाईले माइक कुठं लागते? बसल्या जागेवरून ओरडली, "आधी खरं काय होतं ते तर दाखवा! मंग ठरवू!"

"हो, दाखवा!" लिंबाखालून दोघं-तिघं ओरडले. श्यामलाल कपडे झटकत म्हणाला, "दाखवू. यावेळी मले पडायचं काम नाही, कंबर दुखून राहिली."

ऑर्गनवाला चहा टाकून आला. भुपेंद्र स्टेजच्या मधात उभा राहिला. मी खाली खड्ड्याशी आलो अन् थांबलो. पाट एकाच माणसापुरता आहे, गावच्या सुतारानं माझ्या मापानं केलेला. त्यावर डिंपल बसली होती, पुस्तक घेऊन. मले वाटलं, बस आता, उदाराम, तुझं काम संपलं. लोकांत जाऊन बस.

डिंपलनं वर पाहिलं नाही, बोलली नाही. थोडी सरकली.

मी उतरलो अन् उरल्या जागेत बसलो. अर्धा पाटावर, अर्धा मातीत. तिनं पुस्तक दोघांच्या मांडीवर धरलं. माझ्या डोळ्यांपुढं अक्षरं पोहत होती, तरी वाचलं, लिहिलं होतं तसं. नारायण बोलला. मालगुजार हसला. नारायण चालत भिवाच्या ओट्यापाशी आला अन् उभा राहिला. त्याच्यापुढं पुस्तकात वाक्यच नव्हतं. आता मले ऐकण्याशिवाय काम नव्हतं.

वर भिवाची बायको सरकली. नारायण बसला. शिट्टी नाही, टाळी नाही. मी पाठीनं ऐकत राहिलो. एक बी पोतं झटकलं नाही. मंग माझ्याच्यानं राहवलं नाही अन् मी मागं वळून पाहिलं. ऊन लिंबाच्या खाली बी पोचलं होतं, म्हातारेकोतारे कपाळावर हात धरून बसले होते, अन् जमुनाबाई पदरानं नाक पुसत होती.

पडदा पडल्यावर बी लोक लगेच उठले नाहीत. लीलाधर खड्ड्याच्या कडेशी येऊन उकिडवा बसला. डिंपलनं कडेवर ठेवलेला नारळ उचलून त्याची शेंडी उपटायले लागला. मंग म्हणाला, "पोरी, पुढच्या सालचं रात्रीचं... असंच काही लिहिशील काय?"

"लिहीन. पण खड्ड्यात मोठे बाबा पाहिजेत."

"याच्यावर विश्वास आहे तुझा?" लीलाधरनं माझ्याकडं बोट केलं.

"पाट मोठा करून घेऊ," डिंपल म्हणाली. "मी बाजूले बसीन."

खिशातला तो कागद काढला, फाडला अन् दुसऱ्या दिवशी सकाळीच सुताराकडं गेलो.